पोटाबाहेर जेवणारी बुरशी

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय बुरशी आहे. आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना जेवणाआधी हा विषय नको असेल, त्यांच्यासाठी मागचं दार उघडं आहे. कुणी उठत नाही असं दिसतं. उत्तम.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी औषधांच्या डब्यात पाचक सिरपची एक बाटली असते. लग्नातली पंगत झाली, श्रीखंड-पुरी जरा जास्त झाली, की त्यातले दोन चमचे पोटात जातात. ही बाटली आज घरी गेल्यावर जरा उलटी फिरवून पाहावी. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत बहुधा दोन शब्द सापडतील: फंगल डायस्टेज. डायस्टेज म्हणजे पिठूळ पदार्थांची साखर करणारं विकर, आणि फंगल म्हणजे बुरशीचं. भाकरीवर बुरा चढला तर जी आजी ती भाकरी नातवाला शिवूही देत नाही, तीच आजी त्याच जातकुळीचा पाचकरस त्याला चमच्याने पाजते. आजीचं काही चुकत नाही. दोन्ही वेळा तिचं बरोबरच आहे.

विकर म्हणजेच एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात विकर, औषधाच्या दुकानात एन्झाइम. आज दोन्ही शब्द चालतील.

या विषयाचे तीन प्रश्न आहेत. बुरशी हा रस बाहेर टाकते तरी का? तो तिच्याकडून काढून घ्यायला माणूस कसा शिकला? आणि शेतातल्या काडीकचऱ्यावर बुरशी वाढवून विकरं मिळवायची, तर गाडी नेमकी कुठे अडते? पहिले दोन प्रश्न गोष्टींचे आहेत, तिसरा हिशेबाचा. व्याख्यानात हिशेब शेवटी ठेवावा, म्हणजे तोवर श्रोते गुंतलेले असतात.

पहिला प्रश्न. बुरशीला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. तिचं शरीर म्हणजे धाग्यांचं जाळं. प्रत्येक धाग्याभोवती कायटिनची कडक भिंत. झिंग्याचं कवच ज्या द्रव्याचं बनतं, तेच हे द्रव्य. अशा भिंतीतून घास आत जाणार कसा? जातच नाही. म्हणून बुरशी उलटा मार्ग धरते. धाग्याचं टोक वाढत पुढे सरकतं आणि सरकता सरकता समोरच्या अन्नावर पाचकरस सोडतं. अन्न बाहेरच विरघळतं, आणि तयार झालेली साखर बुरशी भिंतीतून शोषून घेते. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग गिळते.

साऱ्या विषयाची मेख इथे आहे. गाईच्या पोटातल्या रसापर्यंत पोहोचायचं तर गाईच्या पोटात शिरावं लागेल. बुरशीचा रस मात्र उघड्यावर सांडलेला असतो. पाणी घाला, गाळा, आणि घेऊन जा.

आता पचवायचं काय, तेही पाहू. भातात आणि भाताच्या पेंढ्यात ग्लुकोजच असतो, हे ऐकून नवल वाटेल. भातातल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी एका पद्धतीने ओवलेले असतात, पेंढ्यातल्या सेल्युलोजमध्ये दुसऱ्या पद्धतीने. फरक फक्त गाठीचा. पण त्या एका गाठीमुळे भात आपल्या ताटात येतो आणि पेंढा गोठ्यात जातो. सेल्युलोजच्या माळा एकमेकींना घट्ट बिलगून दोर होतात. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचं वेटोळं असतं आणि वरून लिग्निनचा लेप. लाकडाला लाकूडपण देणारं द्रव्य ते हेच. सेल्युलोजची ओळख फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायन यांनी १८३८ साली करून दिली. त्याआधी पाचच वर्षं, १८३३ मध्ये, त्यांनी आणि त्यांचे सहकारी पर्सोझ यांनी मोड आलेल्या जवातून डायस्टेज वेगळं केलं होतं. कुलूप आणि किल्ली एकाच माणसाच्या हाताखालून गेली, पण किल्ली दुसऱ्या कुलपाची होती. डायस्टेज स्टार्च उघडतं, सेल्युलोज नाही.

सेल्युलोज उघडायला एक किल्ली पुरत नाही, तीन लागतात. पहिलं विकर माळेला मधेच कुठेतरी छेद देतं. दुसरं माळेचं टोक पकडून दोन-दोन मण्यांचे तुकडे सोडवत जातं. तिसरं त्या जोडीचे दोन सुटे मणी करतं. ऊसतोडीच्या टोळीसारखंच हे काम आहे: एक तोडतो, एक मोळ्या बांधतो, एक गाडीत चढवतो. तिसरा गडी ढिला पडला की मोळ्यांचा ढीग साचतो आणि पहिल्या दोघांचंही काम थांबतं. ही उपमा पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

दुसरा प्रश्न: माणूस हे शिकला कसा? त्याच्या दोन गोष्टी आहेत, एक कोंड्याची आणि एक तंबूची.

कोंड्याची गोष्ट जपानी माणसाची आहे. जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ सालचा. आईचं घराणं साके गाळणाऱ्यांचं. साकेसाठी वाफवलेल्या तांदळावर अस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढवतात. त्या बुरशी चढलेल्या तांदळाला जपानीत कोजी म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तेच काम मोड आलेल्या जवाकडून, म्हणजे माल्टकडून, करून घेतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तोच प्रकार. ताकामिने यांनी विचार केला, की माल्टऐवजी कोजी वापरली तर? आणि कोजी तांदळावरच का वाढवायची? पिठाच्या गिरणीत गव्हाचा कोंडा मातीमोलाने पडलेला असतो, तो का नको?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया हे तेव्हा व्हिस्कीचं मोठं गाव होतं. ताकामिने तिथे गेले आणि कोंड्यावरच्या कोजीने व्हिस्की करण्याचे प्रयोग सुरू झाले. माल्टवाल्यांना हा पाहुणा आवडणं शक्यच नव्हतं. १८९१ मध्ये तिथल्या कारखान्याला आग लागली आणि व्हिस्कीचा बेत पुढे बारगळला. पण कोंड्यावरच्या बुरशीतून डायस्टेज काढण्याच्या पद्धतीचं पेटंट ताकामिने यांना १८९४ मध्ये मिळालं, आणि पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ नावाने अपचनावरचं औषध म्हणून बाजारात आणलं. पुढे अॅड्रिनलिनचे शुद्ध स्फटिक मिळवणारे ताकामिने ते हेच. आजीच्या बाटलीवरचं फंगल डायस्टेज या घराण्यातलं आहे.

याच पिओरियात पन्नास वर्षांनी आणखी एक बुरशी गाजली. पेनिसिलिनचं उत्पादन वाढवण्यासाठी तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला पाजलं आणि १९४३ मध्ये गावच्या बाजारातल्या एका खरबुजावर जोमदार बुरशी सापडली. ते वेगळं व्याख्यान आहे. पुढे जाऊ.

तंबूची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजा उतरल्या. शत्रूशी लढता लढता ध्यानात आलं, की तंबू विरताहेत. सुती कनातींना भोकं पडत होती. दमट हवेत बुरशी कापूस खात होती, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सैन्याच्या सामानसुमान खात्याने शास्त्रज्ञांना कामाला लावलं: हे थांबवा. कुजक्या कापडांवरून नमुने जमवले गेले. त्यात बूगनव्हिल बेटावरचा एक नमुना होता, क्यूएम ६ए. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, सामानाचा कोठारप्रमुख. ज्याचं कापड खाल्लं त्याचंच नाव चोराला मिळालं.

एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स या दोघांनी या बुरशीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सुरुवातीचा हेतू बंदोबस्ताचा होता. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि त्याच खात्यात प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला: जी बुरशी तंबू खाते, ती रद्दी कागदाची साखर का करणार नाही? चोराला कोठाराच्या किल्ल्या देऊन कामावर ठेवण्याचाच हा प्रकार. १९७७ मध्ये ही बुरशी वेगळी जात ठरली आणि रीज यांच्या नावावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीसाय. सभागृहात शेतकरी असतील तर ट्रायकोडर्मा हा शब्द त्यांना नवा नाही. हरभऱ्याच्या, तुरीच्या बियाण्याला मर रोगाविरुद्ध चोळतात, ती हिचीच भावंडं. आज जगभर सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज उघडणारी विकरं, बनवणारे ट्रायकोडर्मा रीसायचे कारखानदारी वाण त्या एका बेटावरच्या एका नमुन्याचे वंशज आहेत.

पण ही बुरशी हिशेबी होती. आयती साखर समोर असली की ती सेल्युलेज बनवणं बंद करते. ताट वाढलेलं असताना चूल कोण पेटवणार? अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात उत्परिवर्तनं घडवून जो वाण निवडला गेला, आरयूटी-सी३०, त्यात हा आवर घालणारा जनुक मोडलेला निघाला. साखर असली तरी तो वाण रस सोडत राहतो. कारखान्यांतले आजचे वाण एका लिटर द्रवात १०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं बाहेर टाकतात. आणि टोळीतला तिसरा गडी? तो या बुरशीत जन्मजात ढिला. म्हणून त्याचं काम करणारं विकर बहुतेक वेळा अस्परजिलस नायजरकडून उसनं आणतात.

अस्परजिलस नायजर कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली काळी पूड दिसते ना? तीच ही. चाळीतल्या कांद्याची वैरीण, आणि विकरांच्या कारखान्यातली जुनी नोकर.

एवढं करून या रसांचं होतं काय? जीन्स फिकी करायला पूर्वी यंत्रात ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड घालून पँटी घोळवत, आता बरंचसं ते काम सेल्युलेज करतं. धुण्याच्या पावडरीत ते कापडावरचा तूस काढतं. कागद कारखान्यात झायलनेज वापरलं की लगदा पांढरा करायला क्लोरीनची रसायनं कमी लागतात. फळांचा रस पेक्टिनेजमुळे नितळ होतो. कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज घातलं, की मका-सोयाबीनमध्ये अडकलेलं फॉस्फरस सुटतं. यादी थांबवू. जेवण, कपडे, वर्तमानपत्र, सगळीकडे बुरशीचा हात लागून गेलेला आहे, एवढं पुरे.

आता तिसरा प्रश्न. हिशेबाचा.

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. त्याच पानिपताजवळ १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलच्या एका कारखान्याचं उद्घाटन झालं. ९०० कोटी रुपयांहून जास्त खर्च. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घ्यायचा आणि सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा बेत. म्हणजे टनामागे १५० लिटर. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. पेंढ्यावर आधी वाफेची प्रक्रिया होते, मग सेल्युलेज त्याची साखर करतं, आणि शेवटी यीस्ट, म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, ती साखर खाऊन अल्कोहोल देतो. हरियाणा-पंजाबात शेतकरी पराली, म्हणजे शेतात उरलेला हाच पेंढा, जाळतात ते हौसेने नाही. भात निघाल्यापासून गहू पेरायला त्यांच्या हाती दोन-तीन आठवडेच असतात. त्यांचा पेंढा विकत घेणारं कुणी असेल तर काडी ओढायचं कारण उरत नाही. कल्पना सुरेख आहे.

पण जगात याआधी काय झालं? ड्यूपाँटने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या धाटांवर चालणारा कारखाना २०१५ मध्ये उघडला, वर्षाला सुमारे ११ कोटी लिटरच्या क्षमतेचा. २०१७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. अबेंगोआचा कॅन्ससमधला कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेला. क्लॅरियंटने रोमानियात गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू केला. तिथे तर विकरंही जागेवरच, त्याच काडावर बनत होती. पुढच्याच वर्षी तो बंद करायचं ठरलं.

दोष बुरशीचा होता का? अमेरिकन सरकारने या शतकाच्या सुरुवातीला दोन विकर कंपन्यांना पैसे देऊन एकच काम सांगितलं: सेल्युलेज स्वस्त करा. काही वर्षांत त्यांनी खर्च वीस-तीस पटींनी उतरल्याचं जाहीर केलं. बुरशीने आपला शब्द बराचसा पाळला. अडलं ते दुसरीकडे. पेंढा हलका, त्यामुळे ट्रक वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरतो. शेतातून उचलताना माती येते, आणि ती माती यंत्रांची पाती खाते. हंगाम तीन आठवड्यांचा आणि कारखाना वर्षभराचा, म्हणजे मधले अकरा महिने पेंढ्याच्या गंज्या पावसापासून आणि आगीपासून सांभाळायच्या. आणि एवढा सगळा खटाटोप करून विकायचं काय? इंधन. लिटरला रुपयांत मोजायचा माल.

आता ताकामिने यांचा कोंडा आठवा. तो कुणी शेतातून वेचून आणला नव्हता. गिरणीत गहू दळला की कोंडा आपोआप एका जागी पडतो, कोरडा आणि स्वच्छ. आणि त्यातून निघालं ते ग्रॅमवर विकलं जाणारं औषध. कचरा आधीच गोळा झालेला आणि माल महाग, या दोन गोष्टी जुळल्या की बुरशीचा धंदा टिकतो. कचरा विखुरलेला आणि माल स्वस्त असला, की बुरशीने कितीही घाम गाळला तरी वाहतूक तिला हरवते. शेतातल्या काडीचं आधी इंधन करायला निघालो, हा आपला क्रम चुकला. आज सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्याचे पुरावे आपल्याच देशात आहेत.

बायोकॉन १९७८ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली ती पपईच्या चिकातलं पपेन काढण्यापासून. पुढे त्यांनी कोजीची ताटलीपद्धत उचलली आणि सुधारली. त्यातून उभा राहिलेला त्यांचा विकरांचा व्यवसाय २००७ मध्ये डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सने विकत घेतला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकात याच ओल्या कोंड्याच्या पद्धतीवर मोलाचं अभियांत्रिकी काम झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पेनिसिलियमच्या जातींपासून सेल्युलेज मिळवण्यावर दीर्घकाळ संशोधन केलं.

पद्धत तशी साधी आहे. कोंडा ओलसर करायचा, वाफवायचा, निववायचा, बुरशीचे बीजाणू मिसळायचे आणि ताटल्यांत पातळ थर पसरायचा. तीन ते पाच दिवस. मग पाण्यात भिजवून रस गाळायचा. अवघड गोष्ट एकच, उष्णता. आंब्याची अढी लावणाऱ्याला हे समजावं लागत नाही. बुरशी श्वास घेते, तापते, आणि कोंडा गोधडीसारखी ती ऊब धरून ठेवतो. थर जरा जाड झाला की मधली बुरशी स्वतःच्याच तापाने मरते. मोठ्या टाकीत द्रव ढवळून थंड करता येतो, कोंडा तसा ढवळता येत नाही. ताटलीची पद्धत शंभर वर्षांनंतरही ताटलीचीच राहिली, ती यामुळे.

पण कोंबडीखाद्यासारख्या वापरात रस गाळायचीही गरज नसते. बुरशी चढलेला कोंडा वाळवून तसाच मिसळता येतो. इथे मात्र एक इशारा. कोणतीही बुरशी चालत नाही. कोजीच्या अस्परजिलस ओरायझीची सख्खी बहीण अस्परजिलस फ्लेव्हस. भुईमुगात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष कालवणारी ती. दिसायला दोघी सारख्या. वाण खात्रीच्या संग्रहातूनच घ्यावा लागतो, आणि बीजाणूंची धूळ कामगाराच्या छातीत जाणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. आजीने भाकरी फेकली ते बरोबर होतं, ते या बहिणीमुळे.

मग महाराष्ट्रात आधीच गोळा झालेला कचरा कुठे आहे? साखर कारखान्यातला बगॅस? तो एका जागी आहे खरा, पण बॉयलरमध्ये जळून वीज देतो. त्याला कचरा म्हटलं तर कारखान्याचा चीफ इंजिनिअर रागावेल. उसाचं पाचट? हेक्टरी ८ ते १० टन निघतं, पण ते शेतातच राहावं, सऱ्यांत कुजावं आणि जमिनीत मुरावं, असं कृषी विद्यापीठं कंठशोष करून सांगतात, आणि ते खरं आहे. तिथे बुरशीने शेतातच जेवावं. विदर्भातल्या पऱ्हाट्या लाकडासारख्या कडक. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांच्यापासून पार्टिकल बोर्ड केले, धिंगरी अळिंबीही वाढवली.

उरतं ते गिरणीच्या आणि कारखान्याच्या दारातलं. रोलर फ्लोअर मिलमधला गव्हाचा कोंडा, डाळमिलमधली चुणी, सोयाबीनची टरफलं, संत्र्याचा रस काढल्यावर उरणारी सालं. यातली कोंडा-चुणी आज गाईम्हशींपुढे जाते, तेव्हा दुभत्या जनावराच्या तोंडचा घास किती काढायचा, हाही हिशेब करावा लागेल. संत्र्याच्या सालीला तशी अडचण कमी. सालीत पेक्टिन भरपूर, आणि कांद्यावरची ती काळी बुरशी सालीवर वाढवली की पेक्टिनेज सोडते. ज्या फळाची साल, त्याच फळाचा रस नितळ करणारं विकर. प्रयोगशाळांत हे अनेकदा करून झालेलं आहे. प्रश्न आहे तो रस कारखान्याच्या आवारात एक ताटलीघर उभं करण्याचा, आणि तिथे तीन दिवस तापमापक हातात घेऊन कोण बसणार याचा.

बसणारा मिळाला तर बी दूर नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे ओळखीच्या, खात्रीच्या बुरशा काचेच्या नळ्यांत क्रमांक लावून ठेवलेल्या असतात. नळीत चिमूटभर पूड दिसते, काळी, हिरवी, पिवळसर. तिला पाणी आणि वाफवलेला कोंडा मिळाला, की दुसऱ्या दिवशी पांढरे धागे दिसू लागतात आणि तिसऱ्या दिवशी ताटली हाताला गरम लागते.